इनटेक बदलल्यावर चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा का लागतो? कोकणातल्या छोट्या गाड्यांसाठी तपासणी

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. हॅचबॅकच्या इनटेकला, म्हणजे इंजिनकडे हवा नेणाऱ्या मार्गाला, कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) आणि ॲल्युमिनियमचा पाइप असं किट बसवलं, चार दिवस पिकअप बरा वाटला, आवाजही भारदस्त झाला, आणि मग चेक इंजिनचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड पुसला. दोन-तीन दिवसांनी दिवा परत हजर. ऑक्सिजन सेन्सर बदलला, तरी हजर. मृगाचा पाऊस सुरू झाला की त्यात भर पडते: सकाळी आयडल (ॲक्सिलरेटर न देता इंजिनचं फिरणं) वर-खाली होतो, बाजारपेठेत क्लच दाबला की गाडी बंद पडते, आणि दोन दिवस उघाडी मिळाली की सगळं आपोआप ठीक. कोड बघितला तर पी०१७१ (मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी), नाहीतर पी०१०१ किंवा पी०१०२ (हवा मोजणाऱ्या सेन्सरची तक्रार), कधी पी०११३ (हवेच्या तापमान सेन्सरची तक्रार).

अशा गाडीत सेन्सर खराब असण्याची शक्यता सगळ्यात शेवटी धरावी. सेन्सर खरं सांगत असतो. चूक पाइपाच्या मापात, सांध्यात किंवा फिल्टरच्या जागेत असते. ती शोधल्याशिवाय नवा सेन्सर घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

कोड पुसल्यावर दिवा दोन दिवस का गायब होतो, हे आधी समजून घ्या. पी०१७१ हा बहुतेक गाड्यांत दोन फेऱ्यांचा कोड आहे. पहिल्या फेरीत चूक दिसली की ईसीयू (इंजिनचा संगणक) नुसती नोंद ठेवतो, लागोपाठ दुसऱ्या फेरीतही दिसली तर दिवा लावतो. शिवाय कोड पुसला किंवा बॅटरीची वायर काढली की ईसीयूने शिकून ठेवलेली इंधनाची दुरुस्तीही पुसली जाते, आणि ती परत शिकायला त्याला थोडं चालवावं लागतं. तेवढ्या वेळात दिवा बंद असतो, दोष जागच्या जागी असतो.

आधी ओळखा: मॅफ की मॅप

पुढची सगळी तपासणी यावर अवलंबून आहे. फिल्टरच्या डब्यातून बाहेर येणाऱ्या नळीवर चार-पाच तारांचा सेन्सर असेल तर तो मास एअर फ्लो, म्हणजे मॅफ. तिथे काहीच नसेल किंवा दोन तारांचा छोटा सेन्सर असेल (तो फक्त हवेचं तापमान बघतो), आणि थ्रॉटल बॉडीच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पलीकडे मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीवर) तीन-चार तारांचा सेन्सर असेल, तर गाडी मॅपवर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरवर चालते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅपवाल्या आहेत. १.३ लिटर मल्टिजेट डिझेलच्या जुन्या स्विफ्ट, रिट्झ, व्हिस्टा यांना मॅफ असतो.

मॅफची गाडी आत जाणारी हवा प्रत्यक्ष मोजते आणि त्या मापाने इंधन सोडते. मॅपची गाडी मॅनिफोल्डमधला दाब, तापमान आणि आरपीएम यांवरून हवेचा हिशोब काढते. म्हणून सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये पाइपाला फट असेल तर मॅफच्या पेट्रोल गाडीत मिश्रण लगेच पातळ होतं आणि दिवा लागतो. मॅपच्या गाडीत त्याच फटीने दिवा लागणार नाही, पण न गाळलेली धूळ थेट सिलिंडरात जाईल. ही दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण ती कळतच नाही. कळते तेव्हा रिंगा गेलेल्या असतात आणि गाडी ऑइल पीत असते.

पाइपाचा व्यास

मॅफच्या गाडीत सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. हा सेन्सर ठरावीक व्यासाच्या नळीसाठी जुळवलेला असतो. नळीच्या मधोमध हवेचा वेग किती, यावरून तो एकूण हवा किती याचा अंदाज करतो. ६० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीतला सेन्सर ६६ मिलिमीटरच्या पाइपात लावला तर छेद २१ टक्क्यांनी वाढतो. तेवढीच हवा आता सावकाश वाहते आणि सेन्सरला ती सुमारे १७ टक्के कमी दिसते. ईसीयू तेवढंच कमी पेट्रोल सोडतो, ऑक्सिजन सेन्सर ‘मिश्रण पातळ’ म्हणतो, आणि ईसीयू भरपाई करत करत मर्यादेला टेकतो. ७० मिलिमीटरच्या पाइपात हीच चूक सुमारे २७ टक्क्यांवर जाते. तिथे दिवा न लागला तरच नवल.

उपाय एकच: सेन्सरची मूळ प्लास्टिकची नळी, तिच्या तोंडाशी जाळी असेल तर त्या जाळीसकट, जशीच्या तशी ठेवायची आणि नवा पाइप तिच्या अलीकडे-पलीकडे जोडायचा. पाइपाला भोक पाडून सेन्सर बसवू नका. सेन्सरच्या आधी आणि नंतर किमान १० सेंटिमीटर पाइप सरळ असावा. वळणाला चिकटून सेन्सर बसला की हवा भोवऱ्यासारखी फिरते आणि आकडे नाचतात.

रुंद पाइपाने फायदा होतो का, तर छोट्या गाडीत जवळजवळ नाही. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला फार तर ६० लिटर हवा ओढतं. ६० मिलिमीटरच्या नळीत ती सेकंदाला २१ मीटर वेगाने जाते. या वेगाला ती नळी अडथळा नाही. खरा फरक तापमानाचा पडतो. बाहेरची ३५ अंशांची हवा सोडून इंजिनच्या खोक्यातली ६५ अंशांची हवा घेतली तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. उघडा कोन फिल्टर रेडिएटरच्या मागे लटकवलेला असेल तर आवाज वाढतो, ताकद कमी होते. वाहतुकीत रखडल्यावर गाडी मेल्यासारखी वाटते ती यामुळेच.

स्कॅनरवर काय बघायचं

ब्लूटूथचा ईएलएम३२७ स्कॅनर आणि फोनवरचं एखादं ॲप एवढं पुरे. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते आकडे) यांची बेरीज तीन ठिकाणी लिहून घ्या: आयडलला, उभ्या गाडीत २५०० आरपीएमवर मिनिटभर, आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये. तिसरा आकडा शेजारी बसलेल्याने बघायचा, चालवणाऱ्याने नाही.

बेरीज उणे ५ ते अधिक ५ च्या आत असेल तर उत्तम, १० पर्यंत चालेल. त्यापुढे गेली तर आकडा कुठे मोठा आहे ते बघा. आयडलला जास्त आणि २५०० ला कमी झाला, तर गळती थ्रॉटल बॉडीच्या पलीकडे आहे किंवा ब्रीदरची (इंजिनच्या आतली वाफ इनटेकमध्ये नेणारी) नळी मोकळी आहे. तिन्ही ठिकाणी जवळपास सारखाच जास्त असेल तर मॅफचा व्यास चुकला आहे, नाहीतर सेन्सरची तार मळली आहे. आयडलला ठीक आणि फक्त चढावर वाढतो, तर जोर पडल्यावर उघडणारा एखादा सांधा आहे. सांधे निर्दोष निघाले तर मग पेट्रोल पंपाचा दाब तपासायचा.

याच वेळी हवेचं तापमानही बघा. स्कॅनर उणे ४० अंश दाखवत असेल तर तो पी०११३ आहे: तापमान सेन्सरचा प्लग लावायचा राहिला आहे किंवा तार तुटली आहे. किट बसवताना हा प्लग विसरणं फार सर्रास घडतं. ईसीयूला बाहेर कडाक्याची थंडी आहे असं वाटतं आणि तो जास्तीचं पेट्रोल ओततो, ॲव्हरेज पडतो.

डिझेलला पी०१७१ ची वाट बघू नका. तिथे मॅफ कमी हवा दाखवू लागला की धूर होऊ नये म्हणून ईसीयू डिझेल कापतो आणि घाटात गाडी उचलत नाही. लक्षण एवढंच.

गळती शोधणं

पहिली चाचणी फुकट आहे. फिल्टरनंतरचा पाइप काढा, बोटाला पांढरं सुती कापड गुंडाळा आणि पाइपाच्या आतून, विशेषतः कपलरच्या (पाइपांचे सांधे जोडणाऱ्या सिलिकॉनच्या नळीच्या) कडेखालून फिरवा. कापड कोरं निघालं पाहिजे. तांबडी रेघ उठली तर जिथे रेघ तिथे फट. जांभ्याची धूळ इतकी बारीक असते की केसाएवढ्या फटीतूनही आत जाते, आणि तिचा रंग चोर पकडून देतो. चिरेखाणींच्या रस्त्याने रोज ये-जा असेल तर महिन्यातून एकदा हे कराच.

रेघ नाही, पण आकडे वाढलेले आहेत, तर साबणाचं पाणी. फिल्टर काढून पाइपाच्या तोंडात घट्ट बसेल असं रबरी बूच लावा, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा. ब्रीदरची नळी पाइपावरून काढून तिथलं तोंड बंद करा, नाहीतर दाब क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइलच्या भागात) जाऊन ऑइल सील सुटतील. सायकलच्या पंपाने २ पीएसआयपर्यंतच हवा भरा आणि सांध्यांवर फेस लावा. थ्रॉटल पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे दाब हळूहळू उतरणारच; बुडबुडे कुठे येतात तेवढंच महत्त्वाचं. कार्ब क्लीनरचा फवारा मारून गळती शोधायची पद्धत गरम एक्झॉस्टजवळ वापरू नका, आग लागते.

बुडबुडे बहुधा तीन जागी सापडतात. एक, कपलर. पाइपाच्या टोकाला उठावदार कड नसेल तर सिलिकॉनचा कपलर सरकत राहतो. दोन्ही बाजूंनी पाइप २५ ते ३० मिलिमीटर आत गेला पाहिजे. साधा खाचांचा क्लॅम्प मऊ सिलिकॉन कापतो. आतून गुळगुळीत पट्टी असलेला किंवा टी-बोल्ट क्लॅम्प घ्या. आवळताना सिलिकॉन पट्टीच्या बाजूने फुगून बाहेर आला की जास्त झालं.

दोन, ब्रीदर. टॅपेट कव्हरमधून निघणारी ही नळी मूळ पाइपात जाते. किटच्या पाइपाला तोंड नसलं की बरेच मिस्त्री तिला अंगठ्याएवढा फिल्टर लावून मोकळी सोडतात. मॅफच्या गाडीत या नळीतून न मोजलेली हवा क्रँककेसमार्गे मॅनिफोल्डमध्ये जाते, म्हणून आयडल बिघडतो. नळी मॅफ आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्येच जोडली पाहिजे. पाइपाला तोंड नसेल तर वेल्ड करून घ्या. इपॉक्सी पुट्टीने चिकटवलेलं तोंड थरथरीने तडकतं आणि तुकडे थ्रॉटलमध्ये जातात. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंटही नको. त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सर निकामी करू शकते. पाकिटावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलंच घ्या.

तीन, इंजिनचं हलणं. गॅरेजमध्ये सगळं घट्ट, आणि कुंभार्ली किंवा आंबा घाट चढताना मात्र झटके, हा दोष इथला. दुसऱ्या गिअरला जोर दिला की इंजिन माउंटवर मागेपुढे झुकतं. पाइपाचं एक टोक इंजिनला आणि दुसरं बॉडीला कडक बांधलेलं असेल तर मधला सांधा तेवढ्यापुरता उघडतो आणि मिटतो. मध्ये फुगीर वळीचा ६ ते ७ सेंटिमीटरचा कपलर टाका, आणि फिल्टरचं वजन पाइपावर न लटकवता रबरी बुशच्या ब्रॅकेटवर घ्या. टर्बोच्या गाडीत आणखी एक गोष्ट: टर्बोच्या आधीचा पाइप जोरात ओढला जातो. तिथे पातळ होज लावला तर तो आत चेपतो आणि पी०२९९ (टर्बोचा दाब कमी) येतो. तारेचा किंवा ५ मिलिमीटर जाडीचा होज लावा.

पावसात येणारा, उन्हात जाणारा दिवा

याचा दोष दमट हवेवर टाकला जातो, तो चुकीचा. ३० अंशांना हवा पूर्ण ओली असली तरी वाफेचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास असतो. ईसीयू तेवढं सहज सांभाळून घेतो. दिवा लागतो तो थेंबाने. उघड्या कोनवर बॉनेटच्या फटीतून आणि पुढच्या चाकाकडून उडालेलं पाणी बसतं, हवेबरोबर तुषार आत जातात, आणि मॅफच्या गरम तारेवर थेंब पडला की तिचं माप भलतीकडे जातं. चाचणी सोपी आहे: किट तसंच ठेवून फक्त फिल्टरवर झाकण होईल असा आडोसा करा. दोन-तीन पावसाळी फेऱ्यांत दिवा आला नाही, तर कारण तेच.

तेल लावायच्या सुती फिल्टरचा त्रासही पावसात वाढतो. धुतल्यावर तो कोरड्या हवेत एका रात्रीत वाळतो. इथे आषाढात सावलीत पंख्याखाली दोन दिवसही लागतात. अर्धओल्या फिल्टरवर तेल टाकलं तर ते पसरत नाही, डाग राहतात, मग अजून तेल टाकलं जातं, आणि जास्तीचं तेल जाऊन मॅफच्या तारेवर बसतं. धुताना पाणी आतून बाहेर, नळाच्या साध्या धारेने. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, सुताची वीण फाटते. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक घडीच्या माथ्यावर तेलाची एकच रेघ, २० मिनिटं थांबून पांढऱ्या उरलेल्या जागीच पुन्हा. कोकणासाठी आमची पसंती कोरड्या सिंथेटिक फिल्टरला आहे: तेलाची भानगड नाही, आणि लाल धूळ चिकटून त्याचा चिखल होत नाही.

मळलेला मॅफ धुताना इग्निशन बंद, सेन्सर काढलेला, आणि फक्त मॅफ क्लीनरचा स्प्रे. दहा-बारा फवारे लांबून मारायचे, कापूस किंवा बोट लावायचं नाही, पूर्ण वाळू द्यायचं. बसवताना सेन्सर पाइपाच्या वरच्या अंगाला राहील असं बघा. खालच्या अंगाला बसवला की पाणी आणि तेल दोन्ही त्याच्यावर ओघळतात.

मालवण, देवगड, वेंगुर्ला, गुहागर अशा किनाऱ्यालगत राहणाऱ्या गाड्यांत मिठाचा भाग वेगळा. ॲल्युमिनियमच्या पाइपावर क्लॅम्पखाली पांढरी पूड धरते, ती खरवडली की कपलर खाली खड्डे दिसतात आणि तिथून हवा शिरते. क्लॅम्प आणि ब्रॅकेट ३०४ स्टेनलेसचेच घ्या, पाइपाची टोकं कपलरखाली गुळगुळीत ठेवा. सेन्सरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून प्लगच्या रबराला डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हलका हात द्या. हलवल्यावर येणारा-जाणारा पी०१०२ बरेचदा एवढ्यावर सुटतो.

इथे टिकणारी मांडणी

मूळ डबा ठेवा, आत चांगला पॅनल फिल्टर टाका, आणि डब्याकडे हवा आणणारं नाकाडं तेवढं मोकळं करा: हेडलाइटच्या मागे, ग्रिलच्या वरच्या काठाशी, थंड हवा येईल तिथे. यात दिव्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कोनच हवा असेल तर त्याला बंद पेटी करा. २ मिलिमीटर ॲल्युमिनियम किंवा ३ मिलिमीटर एबीएस शीट, वरच्या काठाला बॉनेटला टेकेल अशी रबरी बीडिंग, तळाला ८ मिलिमीटरची दोन भोकं पाणी निघायला, फिल्टरचा तळ पेटीच्या तळापासून ५ सेंटिमीटर वर, आणि पाइपाचा उतार फिल्टरकडे, थ्रॉटलकडे नाही.

बंपरमागे किंवा फेंडरच्या आत, चाकापुढे फिल्टर उतरवायची पद्धत इथे करू नका. यात तडजोड नाही. १७५/६५ आर१४ टायरचं केंद्र जमिनीपासून २९ सेंटिमीटरवर असतं, आणि असा फिल्टर साधारण त्याच उंचीला येतो. कॉजवेवर पाणी हबला लागलं की फिल्टर पाण्यात, आणि समोरून बस गेली तर तिच्या लाटेने त्याहूनही आधी. १.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात एका सिलिंडरात ३०० सीसी जागा. कॉम्प्रेशन ११ ला १ धरलं तर पिस्टन वर आल्यावर ३० सीसी उरते. त्याहून जास्त पाणी शिरलं, म्हणजे अर्धी कटिंगभर, की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी ज्यांनी पाहिलं त्यांना पाणी किती लवकर चढतं हे सांगायला नको.

पाण्यात गाडी बंद पडली तर सेल्फ मारू नका, एकदाही नाही. ढकलून बाहेर काढा, फिल्टर आणि पाइप उघडून बघा. आत ओल दिसली तर चारही प्लग काढून इग्निशन आणि इंधनाचा पुरवठा तोडून क्रँक करा, पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर पडेल. डिझेलमध्ये हे काम मिस्त्रीकडेच, गाडी टो करून.

बदल केलेला इनटेक विमा कंपनीला आधी लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत केलेल्या बदलांबाबतच्या) मुद्दा आहेच, आणि पाण्याने इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बहुधा धरत नाहीत. इंजिन प्रोटेक्टची वेगळी जोड लागते.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा, घाट आणि बाजार दोन्ही येतील अशा ५०-६० किलोमीटरच्या दोन-तीन फेऱ्या मारा, आणि मग ट्रिमचे तेच तीन आकडे पुन्हा घ्या. तिन्ही १० च्या आत आले तर काम झालं. न आले तर मूळ डबा आणि पाइप परत लावून हीच फेरी करा: मूळ सामानावरही आकडे वाढलेले असतील तर इनटेक निर्दोष आहे, आणि तेव्हाच पेट्रोलचा दाब, इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांच्याकडे वळा. म्हणून किट लावताना काढलेला डबा भंगारात देऊ नका.